समुद्राला विटाळ होतो का?

समुद्राला विटाळ होत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. सगळ्या नद्या शेवटी त्यालाच मिळतात, निर्माल्य आणि अस्थी तोच पोटात घेतो. मग त्याला कोण काय बाटवणार? अशा श्रद्धेला मुंबई बंदराच्या पाण्याची तपासणी उपरी वाटते. मला उलट वाटते की, पाणी पवित्र मानणाऱ्यानेच ते आधी तपासायला हवे.

शिवडी-माहुलकडच्या पाण्यात प्राणवायू किती, हे पाहायची जुनी रीत साधी आहे. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. कायद्याने बंदराच्या पाण्यात लिटरमागे किमान 3 मिलिग्रॅम प्राणवायू मागितला आहे, स्नानाच्या पाण्यात 4. मैल्यातल्या जिवाणूंची मर्यादा 100 मिलिलिटरला बंदरात 500, स्नानासाठी 100. बंदराला लावलेले हे सैल माप मला खटकते, कारण स्नानाचे पाणी कुठे संपते हे मासळीला कळत नाही.

पावित्र्य आकड्यात मावत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण सोवळे पाळणारे घरही पाणी गाळते, तांब्या घासते, झाकून ठेवते. श्रद्धा आहे म्हणून तिथे कोणी डोळे मिटत नाही. देवाच्या तांब्याची काळजी खाडीला नाकारली, तर ‘पवित्र’ हा शब्द सांडपाणी सोडणाऱ्याच्याच सोयीचा ठरतो. दुसरे म्हणणे असे की, भरती-ओहोटी सगळे धुऊन नेते. पाणी दिवसातून दोनदा हलते खरे, पण ठाण्याची खाडी वरच्या अंगाला अरुंद आणि उथळ आहे. ओहोटीने गेलेल्यातले बरेच पुढच्या भरतीला परत येते आणि गाळात बसलेले तर हलतही नाही. ऑगस्ट 2010 मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेले तेल समुद्राने पोटात घेतले नाही. तिवरांच्या मुळांशी आणून टाकले.

नारळी पौर्णिमेला ज्या धक्क्यावरून नारळ सोडतो, तिथे त्या आठवड्याचे प्राणवायूचे आणि जिवाणूंचे आकडे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. ही मागणी नारळ घेऊन येणाऱ्यांनीच करावी.