पाचर आणि सरस



आपल्या गायकवृंदातील जुन्या व्हायोलिनचा गज पावसाळ्यानंतर अगदी निकामी झाला. निम्मे केस तुटलेले, उरलेले काळवंडलेले. नवे केस बसवून घ्यायला मी तो मुंबईला एका कारागिराकडे नेला आणि दुपारभर तिथेच बसून राहिलो.

एका गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस लागतात. ते विंचरून, दोन्हीकडून दोऱ्याने घट्ट बांधून एक गाठ गजाच्या टोकातील खाचेत आणि दुसरी मुठीजवळच्या सरकत्या ठोकळ्यात बसवतात. तिथे तिला धरून ठेवते ती लाकडाची एवढीशी पाचर. तिला सरस लावायचा नसतो. ती केवळ मापाने बसते, म्हणून पुढच्या वेळी केस बदलताना निघतेही.

आमची पाचर निघेना. पूर्वी कोणीतरी ती चिकटवली होती. कोरून काढताना गजाचे टोक तडकले. कारागीर रागावला नाही. एवढेच म्हणाला, "फादर, माप चुकलं की सरस लावावासा वाटतो."

सेमिनरीत आम्ही थिसियसच्या जहाजावर रात्ररात्र वाद घालत असू : एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते का? त्या दुपारी तो प्रश्न मला जरा रिकामटेकडा वाटला. ज्याने सरस लावला त्याने अपराध कोणाचा केला? गिऱ्हाईक खूश होते, गज वाजत होता. भोगावे लागले ते त्याने कधी न पाहिलेल्या माणसाला. अशा अनोळखी माणसाचे आपण काही देणे लागतो का? मला वाटते, लागतो. आधीच्या कुणीतरी उघडण्याजोगे ठेवले, म्हणूनच तर आपल्याला काही दुरुस्त करता येते.

काही गाठी न सुटण्यासाठीच असतात, हे लग्ने लावणाऱ्या माणसाला सांगायला नको. पण समितीचे ठराव? मुलांच्या शिक्षणाचे घरातले निर्णय? आम्हा धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते. तरी घाईने ठरवलेले टिकावे म्हणून "आता यावर चर्चा नको" असे मी सभेत दोनदा तरी म्हणालो आहे. तोही सरसच.

गज परत आला आहे. तडक मात्र सरसानेच जोडली. तिथे तो लागतोच. गायकवृंदाला विनंती, केसांना बोटे लावू नका, तेलकट केसांवर राळ नीट धरत नाही. आणि मिस्सा संपल्यावर स्क्रू फिरवून केस सैल करा, नाहीतर काठीचा बाक जातो.