आपला आधी की गरजू आधी?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी एका मुलाखतीत ख्रिस्ती शिकवण म्हणून एक उतरंड मांडली: आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपली वस्ती, मग देशबांधव आणि शेवटी उरलेले जग. संदर्भ स्थलांतरितांचा होता. टीका झाल्यावर त्यांनी ‘ऑर्डो अमोरिस’चा, म्हणजे प्रेमाच्या क्रमाचा, दाखला दिला. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीला अमेरिकी बिशपांना पत्र लिहिले आणि येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याची आठवण करून दिली. पोपचे म्हणणे मला पूर्ण पटते. शिवाय ज्या परंपरेच्या आडोशाला व्हान्स उभे राहिले, ती परंपराच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते.

गरजूंविषयी बायबलमधला मीखा, याकोबाचे पत्र, मत्तयाचा पंचविसावा अध्याय काय सांगतात, ते वाचकांना ठाऊक आहे. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला, तेव्हा धर्मगुरू बेसिलने कोठारे भरून बसलेल्यांना सुनावले की अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याच्या मालकीची आहे. दया आणि न्याय इथे एकच होतात.

प्रेमाच्या क्रमाबद्दल संत ऑगस्टीनचे म्हणणे असे: प्रेम सगळ्यांवर सारखेच करायचे, पण सगळ्यांचे भले करणे एकट्याच्या आवाक्यात नसते, म्हणून स्थळकाळाने ज्याच्याशी गाठ पडली त्याच्याकडे आधी पाहावे. ही जवळीक तो चिठ्ठी निघण्यासारखी मानतो. दूरच्याचा हक्क कमी, असे त्यातून निघत नाही.

मग तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस येतो आणि त्याचे नेहमी चुकीचे वाचन होते. त्याने या चिठ्ठीची पक्की उतरंड केली, असे समजतात. रक्ताच्या नात्याला त्याने मान दिला, हे खरेच. गरज सारखी असेल तर जवळचा आधी, हेही त्याचेच. पण ‘सुम्मा’ या आपल्या ग्रंथात तो तिथे थांबत नाही. परका माणूस जीवनमरणाच्या गरजेत असेल आणि स्वतःचा बाप तसा नसेल, तर परक्याला आधी मदत करावी लागण्याचा प्रसंग येतो, असे तो स्पष्ट सांगतो. श्रीमंताकडचे जास्तीचे धन निसर्गनियमानेच गरिबांचे देणे लागते, आणि अगदी निरुपायाने दुसऱ्याचे घेणारा चोर ठरत नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. नात्याने लावलेला क्रम गरज मोडू शकते. सरहद्दीवरच्या माणसाला परत पाठवले तर तो जगेल का, हे विचारण्याआधीच तो आपला नाही म्हणून दार लावणाऱ्याने थॉमसचे नाव घेऊ नये.

अशाने घरचे वाऱ्यावर पडतील, हा आक्षेप ठरलेला; त्याला उत्तर पंडिता रमाबाईंच्या कामात आहे. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, वेगवेगळ्या जातींच्या मुलींना घेऊन आल्या. या मुलींसाठी केडगावात ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. शारदा सदनही चालूच राहिले.