सरत्या उन्हाळ्यांतील सहल

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला कीं ठाणें जिल्ह्यांतील घरोघरीं एकच धांदल दिसूं लागते. खेड्यांत राब भाजून झालेले असतात, परंतु घराची शाकारणी अर्धीच राहिलेली असते. जळण आंत घ्यावयाचें असतें, मीठ, मिरची व सुकी मासळी यांची बेगमी करावयाची असते, बांध नीट करावयाचे असतात. शहरांतही फारसें निराळें नाहीं. गच्चीवरचे पापड उतरवावयाचे, मुलांचीं पुस्तकें आणावयाचीं, छत्र्या दुरुस्त करून घ्यावयाच्या. अशा दिवसांत कोणी म्हणालें, "चला, एक दुपार सगळीं मिळून डोंगरांत जाऊन बसूं," तर घरांतील कर्तीं माणसें त्याच्याकडे जरा रागानेंच पाहतात. कामाच्या ऐन वेळीं हिंडणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असें त्यांस वाटतें. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. आम्हीही पुष्कळ वर्षें तेंच म्हणत आलों. तेव्हां ज्याच्या हातीं काम आहे त्यानें ती एक दुपार घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही राहतों माजिवड्यास. ज्यांनीं हें ठिकाण पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, मुंबईहून नाशिकाकडे जाणाऱ्या महामार्गास जेथें घोडबंदरची वाट फुटते तेथें हें गांव आहे. जुनें गांवठाण अजून आहे, परंतु जवळून उड्डाणपूल गेले, मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि रात्रीं दोन वाजतांही मालमोटारींचा आवाज थांबत नाहीं. असें असूनही पश्चिमेकडे पाहिलें तर इमारतींच्या फटींतून येऊरचा डोंगर दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडील भाग होय. सारें उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक भरतें, आणि एका बाजूनें मुंबई व दुसऱ्या बाजूनें ठाणें अशीं दोन मोठीं शहरें त्यास घासून वसलीं आहेत. बिबट्याचें रान आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्यें बसनें जाण्याइतकीच वाट आहे. एवढें रान उशाशीं असतां वर्षेंच्या वर्षें आम्ही तिकडे फिरकलोंही नाहीं, हें लिहितांना लाज वाटते.

२०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस मात्र आम्ही गेलों. मातोश्री, आम्ही उभयतां आणि दोन मुलें, अशीं पांच माणसें. महापालिकेची बस उपवन तलावावरून पुढें चढण चढून वर जाते. बरोबर भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कैरीचें लोणचें आणि एक जुनी चादर होती. रस्त्यापासून फार आंत न जातां एका आंब्याखालीं आम्ही बसलों. उन्हाचा ताप होताच. वारा पडला होता. बहाव्याचीं फुलें बहुतेक गळून गेलीं होतीं. दूर कोठें तरी पावशा पक्षी ओरडत होता. शेतकरी त्याच्या ओरडण्यांत "पेरते व्हा" असा शब्द ऐकतात. आमच्या धाकटीस मात्र तें कांहीं केल्या ऐकूं येईना, आणि त्यावरून तिचा व मातोश्रींचा बराच वाद झाला.

वाटेंत एका वारली बाईकडून करवंदांचे दोन द्रोण घेतले होते. त्यांवर मुलांचा कोंबडा-कोंबडीचा खेळ सुरू झाला. हा खेळ कोंकणांतील कोणास सांगावयास नको, परंतु घाटावरील वाचकांसाठीं सांगतों. करवंद तोंडांत टाकण्यापूर्वीं आंत काय आहे तें बोलावयाचें, मग फोडावयाचें. आंत लाल निघालें तर कोंबडा, पांढरें निघालें तर कोंबडी. थोरला तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचा होता, आणि असल्या पोरखेळांत भाग घेणें त्यास कमीपणाचें वाटत होतें. तो झाडास टेकून मोबाईल पाहात बसला होता. थोड्या वेळानें मातोश्रींनीं सलग सहा वेळां बरोबर ओळखलें. तेव्हां तो उठला, जवळ येऊन बसला, आणि आजी फसवीत आहे असा त्यानें आरोप केला. त्यानंतर तो तेथून हललाच नाहीं. याहून त्या दुपारीं विशेष असें कांहींच घडलें नाहीं.

पुढच्या वर्षीं, म्हणजे २०२५ सालीं, पुन्हा जावयाचें असें सर्वांनींच ठरविलें होतें. परंतु मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं एक लग्न निघालें, दुसऱ्या रविवारीं ऊन फार म्हणून राहिलें, तिसऱ्या रविवारीं घरच्या नळाचें काम काढलें. शेवटीं २५ तारखेचा रविवार कायम केला. मुंबईस मोसमी पाऊस पोहोंचण्याची हवामान खात्याची नेहमींची तारीख ११ जून आहे. तेव्हां २५ मे म्हणजे हातांत चांगले पंधरा दिवस आहेत असा आमचा हिशेब होता. त्या वर्षीं मे महिन्यांतच सरी सुरू झाल्या. त्या रविवारीं आकाश असें भरून आलें होतें कीं मातोश्रींस घेऊन निघण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं, २६ मे रोजीं, मोसमी पाऊस मुंबईस पोहोंचल्याचें खात्यानें जाहीर केलें. पाऊस लागला कीं करवंदांची चव गेली, आणि रानाच्या वाटा चिखलाच्या झाल्या. मुलें हिरमुसलीं तेव्हां आम्ही सहज म्हणालों, "पुढच्या वर्षीं जाऊं." परंतु त्याच जून महिन्यांत थोरला शिक्षणासाठीं दुसऱ्या गांवीं गेला, आणि थंडी सरतां सरतां मातोश्रींचे गुडघे असे धरले कीं बसची पायरी चढणें त्यांस अशक्य झालें. रान आहे तेथेंच आहे. पांच माणसें मात्र एका चादरीवर आतां मिळत नाहींत.

आमच्या त्या तीन रविवारांचा आम्हीं पुष्कळ विचार केला. त्यांपैकीं एकही कारण खोटें नव्हतें. तरीही चूक झाली, ती अशी कीं, सर्व कामें उरकल्यावर जो वेळ शिल्लक राहील तो आनंदाचा, असा जमाखर्च आमच्या मनांत पहिल्यापासून मांडलेला होता. असल्या जमाखर्चांत शिल्लक कधींच राहात नाहीं; कारण काम हें विहिरीच्या पाण्यासारखें आहे, उपसावें तितकें पुन्हा झिरपतें. आमच्या वाडवडिलांस ही गोष्ट अधिक कळत होती असें दिसतें. विसाव्याचा दिवस त्यांनीं सहा दिवसांच्या कामांतून उरेल तेव्हां घ्यावा असें ठरविलें नाहीं. तो दिवसच नेमून दिला, मग काम उरलेलें असो वा नसो. आमच्या शेजाऱ्यांची आवळीभोजनाची चाल पाहा. कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं जेवावयाचें म्हणजे तें कार्तिकांतच. कोणी तें सवडीनें माघांत ढकलीत नाहीं. देशावर हुरडा खावयास शेतांत जमतात, तें ज्वारीचे दाणे कोंवळे व दुधाळ असतील तेव्हांच. दाणा टणक झाला कीं निमंत्रणास अर्थ उरत नाहीं. करवंदांचेंही तसेंच आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलाचेंही तसेंच आहे. तो आजीजवळ येऊन बसेल असे दिवस थोडे असतात. ते कोणच्या पंचांगांत लिहिलेले नसतात, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणतील, रानांत जाणें प्रकृतीस हितकर असतें, म्हणून जावें. ही गोष्ट खोटी नाहीं. १९८४ सालीं अमेरिकेंतील रॉजर उलरिख या संशोधकानें 'सायन्स' या नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचीं टिपणें त्यानें तपासलीं. तेवीस रोग्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, आणि त्यांच्याशीं जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस रोग्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे सरासरीनें आठ दिवसांच्या आंत घरीं गेले. भिंत पाहणाऱ्यांस पाऊण दिवस अधिक लागला, आणि वेदनाशामक तीव्र औषधेंही त्यांस अधिक द्यावीं लागलीं. रुग्णालयें बांधणारांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. परंतु घरच्या सहलीचें समर्थन ह्या वाटेनें करण्याची आम्हांस इच्छा होत नाहीं. मुलास करवंद औषध म्हणून देणाऱ्या बापास कोंबडा-कोंबडी खेळतां येणार नाहीं. त्याचें लक्ष मुलाच्या तोंडाकडे नसून त्याच्या वजनाकडे असावयाचें.

ह्याच्या उलट दुसराही एक प्रकार वाढला आहे, आणि त्याविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. पावसाच्या तोंडाशीं भंडारदऱ्याच्या बाजूस झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लखलखतात. तें पाहावयास शेंकडों मोटारी रात्रीं तिकडे लोटतात. काजवा उजेड पाडतो तो आपणांस दाखविण्यासाठीं नव्हे. नरमादीची ती एकमेकांस खूण असते, आणि पूर्ण वाढलेल्या काजव्याचें उरलेलें आयुष्य थोड्या आठवड्यांचेंच असतें. मोटारींच्या दिव्यांत ती खूण हरवते. मग पाहणारे पाहून जातात आणि पुढच्या वर्षींचे काजवे कमी होतात. येऊरच्या डोंगरांतही रात्रीं मोठ्यानें गाणींबजावणीं चालतात अशा तक्रारी वारंवार झालेल्या आहेत. अशा लोकांस रानाची आवड आहे असें म्हणवत नाहीं.

परंतु लोकांस बोलतांना आमची स्वतःची गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. ज्या बाईकडून आम्हीं करवंदें घेतलीं तिनें एका द्रोणाचे वीस रुपये सांगितले. आम्हीं पंधरा म्हणालों. तिनें दोन्ही द्रोण तीस रुपयांस दिले, आणि आम्ही समाधानानें पुढें गेलों. नंतर चादरीवर बसून पाहतां मातोश्रींच्या लक्षांत आलें कीं त्या काट्याकुट्यांतून एवढीं करवंदें वेंचावयास निदान एक सकाळ जावयाची. त्यांनीं धाकटीच्या हातीं दहा रुपये परत पाठविले. तिच्याबरोबर गेलेल्या आम्हांस त्या बाईशीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला. आम्हीं विचारलें, "मावशी, तुम्हीं मुलांस घेऊन कधीं फिरावयास जातां कीं नाहीं?" ती हंसली. मुलें करवंदें वेंचावयास बरोबर येतातच, वेंचतात त्याहून अधिक खातात, असें ती म्हणाली. तिच्या मागें दोन पोरें झाडावर चढलीं होतीं. त्यांच्या जिभा जांभळ्या झालेल्या होत्या.

तिच्या गरिबीस गोड मानून घ्यावें असा आमचा हेतु नाहीं. तीस रुपयांत तिच्या घरची मीठ-मिरचीही होत नाहीं, आणि आमच्या विसाव्यास तिच्या श्रमाचा आधार होता ही गोष्ट आम्हांस पुढेंही टोंचत राहिली. तरी आरंभीं जो प्रश्न मांडला त्याचें अर्धें उत्तर तिनेंच दिलें असें वाटतें. काम एकीकडे आणि मुलांची संगत दुसरीकडे, अशी वांटणी तिनें केलेली नव्हती. आमच्या खेड्यांतील वाचकांस तर माजिवड्याप्रमाणें बसचीही वाट पाहावी लागत नाहीं. जळणास जातांना मुलांस बरोबर न्यावें, आणि मोळी बांधून झाल्यावर लगेच डोक्यावर न घेतां तिच्यावर टेकून घटकाभर भाकरी खावी. बांध घालतांना म्हाताऱ्या बापास सावलींत आणून बसवावें. शाकारणी त्यानें एक दिवस लांबेल. लांबली तर पाऊस घरांत येईल हें भय खरें आहे. म्हणून कोणत्या दिवशीं हें करावें तें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें, तें आम्हीं येथून सांगणें शोभणार नाहीं.

राहिलें एक. आनंद चालू असतांना तो ओळखतां येतो काय? बहुतेक लोक म्हणतात कीं तो गेल्यावरच कळतो. आम्हांसही तसेंच वाटत असे, आणि त्यांत एक सोय होती, ती ही कीं मग दोष कोणाकडेच येत नाहीं. परंतु त्या दुपारीं आमच्यांतील एका माणसास तो कळत होता. सूर्य कलल्यावर डोंगरावरून थोडा वारा सुटला. मुलें शेवटचीं दहा-बारा करवंदें वांटून घेत होतीं आणि थोरला आजीस पुन्हा एकदां ओळखावयास सांगत होता. आम्ही घड्याळ पाहिलें आणि बसची वेळ झाल्याचें सांगितलें. मातोश्री म्हणाल्या, "अरे, अजून जरा बसूं या." त्या सहसा असें कांहीं मागत नाहींत. आम्हीं उभे राहून चादर झटकावयास घेतली, तेव्हां त्यांनीं हातांतलें करवंद तसेंच पदराच्या टोकांत बांधलें आणि उठण्यासाठीं नातवाचा हात धरला. त्या बसनंतर आणखी एक बस होती, हें आम्हांस ठाऊक होतें.