वेदना लेकराची, सोय कुणाची?

नैतिक प्रश्न म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर युद्ध, फाशी, भ्रष्टाचार असे मोठे विषय उभे राहतात. घरातील लहानसहान निर्णयांकडे आपण निव्वळ व्यवहार म्हणून पाहतो. त्यांत न्याय-अन्यायाचा काही संबंध असेल, असे मनातही येत नाही. परंतु ज्या निर्णयात एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने सोसायचे असते, तो कितीही लहान असला तरी नैतिकच असतो. मुलाच्या किडक्या दाढेचा निर्णय हा त्यांपैकीच एक.

असे समजा की, सहा वर्षांच्या एका मुलीची मागची दुधाची दाढ किडली आहे आणि रात्री ती ठणकते. दंतवैद्य दोन मार्ग सांगतात. दाढ वाचवायची तर आतील नसेवर उपचार करून वर धातूची टोपी बसवावी लागेल. मुलगी घाबरलेली आहे, तेव्हा तिच्या कलाने, दोन-तीन खेपांत ते करता येईल. नाहीतर बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन आजच दाढ काढून टाकू. आईने हात घट्ट धरले की काम झाले. आई वसईहून चर्चगेटला नोकरीसाठी जाते. प्रत्येक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. ‘दुधाचीच तर दाढ, आज ना उद्या पडायचीच,’ असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. अशा वेळी आईने काय करावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दुधाचे दात एकूण 20. त्यांपैकी पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. मागच्या दाढा मात्र साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या घास चावतात, शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. दाढ अकाली काढली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे कलतात आणि मागाहून येणाऱ्या दाताची वाट अडते. म्हणजे ‘पडायचीच’ हे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. अर्थात, कधी कधी पू झालेली दाढ काढणे हाच योग्य उपचार असतो. तेव्हा वाचवणे पुण्य आणि काढणे पाप, असा सोपा नियम येथे करता येत नाही. तोलूनमापूनच ठरवावे लागते.

परंतु हा तराजू विलक्षण आहे. मी माझी दाढदुखी आणि माझी सोय तोलतो, तेव्हा दोन्ही पारडी माझीच असतात. चुकलो तर मीच भोगतो. मुलाच्या बाबतीत एका पारड्यात त्याची वेदना असते आणि दुसऱ्यात आपली सोय. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. येथे तर ज्याचे जळत नाही, त्याच्याच हाती तराजू असतो. म्हणून असा तराजू हाती घेणाऱ्याने स्वतःविषयी थोडे साशंक असलेले बरे.

म्हणून सोयीला तुच्छ लेखावे काय? मुळीच नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाचा बुडालेला दिवस म्हणजे घरातील साऱ्यांचा घास असतो. अंथरुणाला खिळलेली आजी, पाळण्यातले तान्हे मूल यांचाही आईच्या वेळेवर हक्क आहे. आपण ज्याला सोय म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्या कुणाचे न्याय्य देणे असते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला प्रमुख सद्गुणांत अग्रस्थान दिले, ते अशाच प्रसंगांसाठी. रजा मिळत असूनही केवळ कंटाळा म्हणून टाळलेली खेप आणि परवडतच नाही म्हणून टाळलेली खेप या बाहेरून सारख्या दिसतात. नैतिक दृष्टीने त्या एक नव्हेत.

वेदनेविषयीही आपल्या श्रद्धावंत घरांत एक गैरसमज आढळतो. ‘थोडे सोसायला शिकले पाहिजे,’ असे मुलाला सांगितले जाते आणि त्यामागे धर्माचा आधार मानला जातो. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने 1844 साली दात काढताना वेदना होऊ नये म्हणून नायट्रस ऑक्साइड वापरून पाहिला. 1846 साली दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी बोस्टनच्या रुग्णालयात ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. पोप बारावे पायस यांनी 24 फेब्रुवारी 1957 रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले की, वेदना टाळण्यासाठी भूल स्वीकारण्यात दोष नाही. स्वेच्छेने सोसण्याचे मोल आहे, पण ते सर्वांवर बंधनकारक नाही. ‘स्वेच्छेने’ हा शब्द येथे महत्त्वाचा. दातदुखीच्या रुग्णांची आश्रयदात्री मानली जाणारी संत ॲपोलोनिया हिचे दात 249 साली अलेक्झांड्रियात तोडण्यात आले. तिने ते सोसले, कारण ती साक्ष तिची स्वतःची होती. दुसऱ्याच्या वतीने कुणालाही असा त्याग करता येत नाही. लेकराच्या वतीने तर नाहीच नाही.

मात्र याच्या उलट बाजूने होणारी फसगत अधिक सूक्ष्म असते. मूल खुर्चीत रडू लागले की, ‘मला हे बघवत नाही’ म्हणत त्याला उचलून घरी नेणारे पालक असतात. तो कळवळा खराच; तरीही ‘मला बघवत नाही’ या वाक्यात केंद्रस्थानी कोण आहे? आजचे रडणे टळले, पण कीड थांबली नाही. जे टळले ते बव्हंशी आपल्याच मनाचे दुखणे. तसेच आता किडीवर लावण्याचे सिल्व्हर डायमाइन फ्लुओराइड हे द्रव औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. योग्य ठिकाणी ते लावले तर कोरल्यावाचून कीड थोपवता येते, मात्र किडलेला भाग काळा पडतो. कार्यातल्या फोटोत दात काळा दिसेल म्हणून ते नाकारणारे पालक नेमके काय तोलत असतात?

शिवाय सोयीचा हिशेब खुर्चीत बसण्याआधीच सुरू झालेला असतो. रात्री लवकर झोप लागावी म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात दिली, घासण्याचा कंटाळा आला म्हणून सोडून दिले, रडे थांबावे म्हणून बिस्किट हातात ठेवले. सोय त्या वेळी आपण घेतली. तिचे व्याज लेकरू फेडते.

मग कसोटी कोणती? मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. खुर्चीत मी असतो तर हेच निवडले असते काय? हे मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर त्याला माझे खरे कारण सांगता येईल काय? आणि त्याच्या वाट्याला वेदना येणारच असेल, तर तिच्यातील काही भाग मी माझ्या वेळेने, पैशाने, धीराने उचलला काय? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे दिल्यावर आईने दाढ काढण्याचे ठरवले तरी तिने मान खाली घालण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मार्गाने जाताना टाळता येण्यासारखी आहे, ती म्हणजे असत्य. ‘काही दुखणार नाही’ हे वाक्य मुलाला खुर्चीपर्यंत नेते. पण पुढच्या खेपेस ते आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. लहानपणी बसलेली ही धास्ती पुष्कळांना मोठेपणीही दवाखान्याच्या दारातून परत फिरवते. ‘थोडे टोचेल, मग बधिर होईल, मी इथेच बसलो आहे,’ असे सांगायला पैसे लागत नाहीत, रजाही लागत नाही. गरिबातल्या गरीब आईबापांना परवडणारा हा न्याय आहे आणि प्रत्येक मुलाचा त्यावर हक्क आहे.