नकळत घडलेले असत्य

सत्य आणि असत्य यांचा निवाडा करताना आपली परंपरा बोलणाऱ्याच्या हेतूवर विशेष भर देत आली आहे. द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता देणाऱ्या युधिष्ठिराचे शब्द अक्षरशः पाहिल्यास खोटे नव्हते. त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरीही आपण त्याला असत्याच्या दोषातून मोकळे केलेले नाही, कारण त्याचा हेतू ऐकणाऱ्याला फसविण्याचा होता. याच्या उलट बाजूचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हेतू निर्मळ आहे, शब्द खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे बोलणाऱ्याला ठाऊकच नाही; अशा असत्याचा दोष कोणावर ठेवावयाचा? हा प्रश्न वरकरणी तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटेल. पण कचेरीत बसून लॅपटॉपवर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यापुढे तो आज उभा आहे, आणि त्याचे मूळ पुष्कळदा एका नाण्याएवढ्या सेलमध्ये असते.

लॅपटॉप बंद केला की त्यातील सारेच व्यवहार थांबतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यातील एक लहानसे घड्याळ चालूच राहते. क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करीत गेले की बरोबर एक उरतो, आणि तो एक म्हणजेच त्या घड्याळाचा सेकंद. एवढ्या कामाला वीज लागते ती काही मायक्रोअँपिअर इतकीच. पुष्कळ लॅपटॉपांत तिच्यासाठी तीन व्होल्टचा लिथियमचा बटण सेल बसविलेला असतो. त्याचे सर्वांत रूढ नाव सीआर २०३२. या नावातच त्याचे माप सामावलेले आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याची धारणाशक्ती सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. तीन मायक्रोअँपिअरच्या हिशेबाने तो एकट्याच्या बळावर आठएक वर्षे घड्याळ चालवू शकतो. काही नव्या लॅपटॉपांत असा वेगळा सेल नसतो, त्यांचे घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालते. पण तत्त्व तेच. सर्व यंत्र निजलेले असताना त्याच्या पोटात कोणीतरी जागे राहून काळ मोजीत असते.

हा सेल संपला म्हणजे काय होते? यंत्र बंद पडले असते तर प्रश्नच नव्हता; बंद पडलेले यंत्र कोणाची फसवणूक करीत नाही. परंतु यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते. काही यंत्रे आरंभीच्या काळ्या पडद्यावर तारीख हरवल्याची सूचना देतात. पुष्कळशी तेवढेही करीत नाहीत. ‘आज तारीख कोणती ते मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी ती कारखान्यात ठरवून दिलेली एखादी तारीख पत्करतात, कुठल्यातरी मागल्या वर्षाची १ जानेवारी, आणि तिच्यापासून पुढे निःशंकपणे काळ मोजू लागतात.

यानंतर जे घडते ते अधिक मननीय आहे. इंटरनेटवरील प्रत्येक विश्वसनीय स्थळाजवळ आपल्या ओळखीचे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे याची नोंद असते. दहा वर्षे मागे गेलेले यंत्र ही प्रमाणपत्रे तपासते आणि ती अद्याप अंमलात आलेलीच नाहीत असा निर्णय देते. बँकेचे स्थळ अविश्वसनीय, सरकारी स्थळ अविश्वसनीय, टपालाचे स्थळ अविश्वसनीय! सारे जग एकाएकी खोटे झाले आहे असे त्याला दिसते. आपणच चुकलो असू, ही शक्यता त्याच्या हिशेबात नसते. माणसांतही हा प्रकार नवा नाही. ज्याची स्वतःची काळाची जाण सुटलेली असते, त्याला भोवतालच्या प्रत्येकाचे कागद संशयास्पद वाटू लागतात.

मात्र या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो सहसा उघडा पडत नाही. त्याच्यावर दोन पडदे असतात. पहिला पडदा मुख्य बॅटरीचा : पुष्कळ यंत्रांत ती भरलेली असेपर्यंत घड्याळाचा भार तीच वाहते, आणि सेल मेला आहे हे कळत नाही. दुसरा पडदा इंटरनेटचा : जोडणी मिळाली की यंत्र बाहेरून खरी वेळ मागून घेते आणि क्षणार्धात चूक पुसली जाते. ही दोन्ही पांघरुणे एकदम निघतात ती बदलीच्या वेळी. लॅपटॉप महिना-दोन महिने सामानात पडून राहतो, मुख्य बॅटरी पूर्ण उतरते, आणि नव्या ठाण्यावर तो उघडला जातो तेव्हा जोडणी अजून आलेली नसते. किंवा दौऱ्यावर, जेथे मोबाइलचाही पत्ता नाही अशा विश्रामगृहात, एखादा तातडीचा कागद निकालात काढावयाचा असतो. अधिकारी डिजिटल सही करतो. अशा सहीला स्वतंत्र कालमुद्रेची जोड नसेल, तर तीवर उमटणारी तारीख त्या यंत्राच्या घड्याळाची असते.

आता त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहू. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार, मिळालेल्या उत्तराविरुद्ध पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते. कोणा अर्जदाराच्या हाती अनेक वर्षांपूर्वीच्या तारखेचे उत्तर पडले, तर ते आपल्याला कालच मिळाले हे सिद्ध करण्याचा भार नाहक त्याच्या शिरावर येतो. नेमणूक, निवृत्तिवेतन, जमिनीची नोंद, निविदा, असे कित्येक हक्क तारखेवर उभे असतात. चूक सेलची, सही अधिकाऱ्याची आणि हेलपाटे अर्जदाराचे! अधिकाऱ्याच्या मनात कपट नव्हते, या सत्याने अर्जदाराचा एकही हेलपाटा वाचत नाही.

कोणी म्हणेल, वेळ ही तरी शेवटी मानण्यावरच आहे. मग तिच्या चुकीला असत्य म्हणावयाचे कशाला? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई टाइम’ पुढेही दीर्घकाळ सोडली नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे असणारी ‘बागान टाइम’ पाळण्याची रीत आहे, हे तिकडे नोकरी केलेल्या वाचकांना सांगावयास नको. मग मुंबई खोटे बोलत होती काय? मळेवाला खोटे बोलतो काय? मुळीच नाही. आपली वेळ वेगळी आहे, किती वेगळी आहे आणि का वेगळी आहे, हे त्या दोघांनाही पक्के ठाऊक असते. मळ्यातला मनुष्य आगगाडी पकडावयास निघाला म्हणजे मनातल्या मनात एक तास वजा करतो. हा मतभेद झाला, आणि मतभेदाला हिशेब असतो. मेलेल्या सेलच्या यंत्राजवळ हिशेब नसतो. जगापासून आपण किती दूर गेलो आहोत हे त्याला ठाऊक नसते, एवढेच नव्हे, तर आपण दूर गेलो आहोत हेही ठाऊक नसते. वेगळे असणे हा दोष नव्हे. आपल्या वेगळेपणाचे माप हरवणे हा दोष आहे.

आपण ‘प्रमाद’ हा शब्द चूक किंवा अपराध या अर्थी वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ अनवधान, बेसावधपणा असा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या अर्थात सापडते. नकळत घडलेल्या असत्यात खोटेपणाचा दोष नसतो. अनवधानाचा असू शकतो. अनवधानाचा दोष लागतो तो चुकीच्या क्षणापासून नव्हे, तर तिची खूण दिसल्याच्या क्षणापासून. एकदा तारीख चुकलेली दिसली, आपण ती हाताने नीट केली, आणि महिनाभराने पुन्हा तेच घडले, तर दुसऱ्या वेळी ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. तेव्हा परीक्षा करणे हे कर्तव्य ठरते.

ही परीक्षा फार अवघड नाही. घाई मात्र तिला चालत नाही, कारण प्रत्येक चुकलेले घड्याळ मेलेल्या सेलमुळे चुकलेले नसते. दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक हा स्फटिकाचा स्वभाव आहे, रोग नव्हे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलला दोष देऊ नये. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदत असल्या, की बहुधा पहिली आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि दुसरी जागतिक वेळ. हा दोघींच्या समजुतीचा घोटाळा असतो. खरी कसोटी वेगळी आहे. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, जमत असल्यास मुख्य बॅटरीचीही जोडणी सोडवावी आणि रात्रभर ते तसेच ठेवावे. सकाळी इंटरनेटला जोडण्यापूर्वी, सुरू होताच उघडता येणाऱ्या बायॉसच्या पडद्यावर वेळ पाहावी. घड्याळ जुन्या तारखेला गेले असेल किंवा काल जेथे होते तेथेच थांबले असेल, तर सेल संपला. मल्टिमीटर असल्यास खात्री करता येते : नव्या सेलचा दाब तीन व्होल्टच्या किंचित वर असतो, तो अडीचच्या आसपास उतरला असल्यास सेल बदलावाच.

बदलण्याचे कामही सावधपणाचेच आहे. यंत्र कुलूपबंद सांकेतिक लिपीत माहिती ठेवीत असेल, तर ते आपल्यालाच परके समजून पुनःप्राप्तीची किल्ली मागण्याचा संभव असतो; ती आधी लिहून ठेवावी. तळाचे झाकण उघडताना स्क्रू ज्या जागेचे त्या क्रमाने मांडावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते. अंगातील स्थिर वीज उतरविण्यासाठी प्रथम धातूला हात लावावा आणि मुख्य बॅटरी सोडवूनच पुढे जावे. सेल खाचेत असेल तर धन बाजू पाहून तसाच दुसरा बसवावा. तो दोन तारांच्या वेष्टणात असेल तर तार न ओढता जोडणीच धरून काढावी, आणि त्याच जोडणीचा नवा सेल आणावा. सेल पुन्हा भरता येण्याच्या जातीचा असेल तर त्याच जातीचाच घ्यावा. जुना सेल टेबलावर टाकून उठू नये : लहान मुलाने तो गिळल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघू शकते. शेवटी बायॉसमध्ये तारीख स्वतः घालावी. सरकारी यंत्र असेल तर हे काम ज्याचे आहे त्याच्याकडून करवून घ्यावे. पण ते झाले की नाही हे मात्र स्वतः पाहावे.

येथे एक व्यवहारी शंका उरते. इंटरनेट जर नित्य खरी वेळ पुरवीत असेल, तर आतल्या घड्याळाची एवढी काळजी कशाला? दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या आधारे देशाची प्रमाणवेळ राखते. सीईआरटी-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले. अशी सोय असताना नाण्याएवढ्या सेलवर विसंबावयाचे कशाला?

याचे उत्तर यंत्रांच्या रचनेतच आहे. मोठ्या कचेऱ्यांतून ओळख पटविण्यासाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत घड्याळांतील फरक साधारणपणे पाच मिनिटांपर्यंत चालवून घेते; त्यापुढे दार उघडत नाही. कालमेळाच्या एनटीपी पद्धतीचा मूळ प्रोग्रॅम, वेगळी आज्ञा दिलेली नसेल तर, १,००० सेकंदांहून अधिक तफावत दिसताच घड्याळ दुरुस्त न करता थांबतो. म्हणजे, जो थोडा चुकला आहे त्याला जग सुधारते. जो फार चुकला आहे त्याच्यापुढे सुधारणाऱ्याचाही हात आखडतो. आतले घड्याळ अचूक नसते, ते रोज सेकंद-दोन सेकंद चुकतेच. त्याचे काम अचूक असण्याचे नाही. बाहेरून येणारी दुरुस्ती पत्करता येईल इतक्या अंतरात आपल्याला ठेवणे, हे त्याचे काम आहे.

आपल्या विवेकाविषयीही याहून मोठा दावा करण्याचे कारण नाही. विवेक कधी चुकत नाही असे म्हणणारा मनुष्य मला भय दाखवितो. विवेकाचीही वेळ रोज थोडी मागे-पुढे होते; ती नियमांनी, सहकाऱ्यांनी, कायद्याने, कित्येकदा हाताखालच्या माणसांनी जुळवून द्यावयाची असते. ‘साहेब, यावरची तारीख चुकलेली दिसते,’ असे एखादा लिपिक भीत भीत सांगतो, तेव्हा तो साहेबाला हीच सेवा देत असतो. त्याला फटकारणारा अधिकारी आपल्या दुरुस्तीचे एक दार कायमचे बंद करून घेतो.

घरापासून हजार मैलांवर नोकरी करणाऱ्याला या गोष्टीचे महत्त्व अधिक. गावी असताना चूक दाखविणारे शेजारी असतात, आप्त असतात, बोली ओळखणारी माणसे असतात; मुख्य बॅटरीप्रमाणे तीच आपला भार वाहत असतात. परठिकाणी ते पांघरूण निघते आणि उरतो तो आतला लहानसा सेल. तो जिवंत आहे की नाही, हे कोणी पाहत नसलेल्या एखाद्या रात्री ठरते. त्या रात्री त्याच्याकडून बिनचूकपणाची अपेक्षा नाही. सकाळी कोणी खरी वेळ सांगितली तर ती ओळखण्याइतका तो जागा असावा, एवढेच पुरे.