चांदीचा कागद, लोखंडाचा कागद

लोखंडाचा कण हा फोटोच्या कागदाचा जुना वैरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या छायाचित्रकारांना लागणारा कोरा कागद मुख्यतः दोन ठिकाणांहून यायचा: फ्रान्समधलं रीव्ह आणि आज बेल्जियममध्ये असलेलं मालमेदी. तिथलं पाणी खनिजांपासून जवळजवळ मुक्त होतं, म्हणून. लगद्यात लोहाचा बारीकसा कण राहिला तरी चांदीच्या क्षारांशी त्याची क्रिया व्हायची आणि चित्रावर डाग उमटायचा. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो सूरजागडचा डोंगर. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर हेमॅटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा. ज्या कागदाला लोखंडाचं वावडं, त्याला याहून परकी भूमी कुठली असणार?

कागद मात्र या मुलखाला परका नाही. इथल्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या गिरणीत जाऊन त्याचा कागद होत आला. पण तो लिहिण्या-छापण्याचा. फोटोचा कागद ही निराळीच जात. शुद्ध लगदा, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, त्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीचे क्षार. स्टुडिओवाले त्याला ब्रोमाइड म्हणत. काळ्या कागदात गुंडाळलेलं पाकीट लाल दिव्याखालीच उघडायचं. एन्लार्जरखाली काही सेकंद उजेड दिलेला कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला की आधी केस, भुवया, डोळ्यांच्या बाहुल्या उमटत आणि मग हळूहळू गाल, कपाळ. नंतर चित्र पक्कं करणारा हायपो, आणि मग पाण्यात भरपूर धुणं. या शेवटच्या कामात आळस झाला की हायपो कागदात राहून वर्षांनी फोटो पिवळा पडे. घरोघरचे पिवळे फोटो आपण काळाच्या माथी मारतो. खरं कारण पुष्कळदा धुण्याचा आळस असतं.

हा कागद भारतातही होत असे. उटीला 1960 साली स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल ‘इंदू’ या नावाने खपला. 1996 मध्ये ही कंपनी आजारी ठरली आणि पुढे बंदच पडली. जगातही तेच झालं. 2004 मध्ये इलफोर्ड दिवाळखोरीच्या दारात गेली, 2005 मध्ये आग्फाफोटो कोसळली आणि त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. डिजिटल कॅमेरा आला हे कारण खरं, पण अपुरं. कागदावर थर चढवणारं यंत्र अवाढव्य असतं, ते थोड्या मालासाठी चालवणं परवडत नाही. खप निम्मा झाला म्हणून कारखाना निम्मा करता येत नाही. तो चालतो तरी, नाही तर मरतो.

तरी कागद पुरता मेला नाही. इलफोर्डच्याच जुन्या व्यवस्थापकांनी हार्मन नावाने उत्पादन वाचवलं, चेक देशातली फोमा तगून राहिली, जर्मनीतल्या अॅडॉक्सने आग्फाच्या जुन्या कागदाचा वारसा उचलला. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हे पुनरागमन कलादालनांपुरतं आहे. आयात केलेला महागडा कागद एटापल्लीच्या आठवडी बाजारात पोहोचणार नाही, ही गोष्ट मान्य करायला हवी.

आणि एटापल्लीला छापील चित्राची गरज आज जितकी आहे तितकी क्वचितच कधी असेल. 2007 साली सूरजागडला सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, 2016 पासून खनिज निघू लागलं. माडिया लोकांच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते तो हाच डोंगर. त्याचा आकार दरसाल बदलतो आहे आणि कालचा आकार आहे तो मोबाइलमध्ये. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो. जुनी उदाहरणंही सुखाची नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात शेजारच्या आदिलाबादेत राजगोंडांचे शेकडो फोटो काढले. तो संग्रह लंडनमध्ये आहे. ज्यांचे चेहरे त्यांच्याच घरात ते चेहरे नाहीत. कागद परत यायचा तर तो आधी तिथे यावा, असं मला वाटतं.

इथे लोखंड वैरी न राहता सोयरा होतं. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी चांदी पूर्ण वगळून लोहक्षारांवर चित्र उमटवलं: सायनोटाइप. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात विरघळवून अंधाऱ्या खोलीत ब्रशने कागदावर फासायचं. वाळला की कागद पिवळट हिरवा दिसतो. त्यावर मोहाचं किंवा तेंदूचं पान ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात धरायचं. उघडा भाग करडा होत जातो. मग साध्या पाण्यात धुतलं की ऊन लागलं तिथे गडद निळा रंग उरतो आणि पानाची जागा पांढरी राहते, शिरांसकट. लाल दिवा नको, एन्लार्जर नको, कारखाना तर नकोच. पारदर्शक फिल्मवर मोठं निगेटिव्ह छापून घेतलं तर डोंगराचा फोटोही असाच निघतो. अॅना अॅटकिन्स यांनी 1843 पासून शेवाळांची अशी चित्रं काढून पुस्तकच केलं आणि त्याच्या प्रती आजही निळ्या आहेत. इंजिनियरांचे ब्लूप्रिंट याच क्रियेतून निघत. सूरजागडचं खनिज थेट या कागदात जात नाही, मधे रसायनाचा कारखाना असतोच. पण धातू तोच.

या कागदाला मर्यादा आहेत. चांदीच्या कागदातल्या सावल्यांची श्रीमंती त्यात नाही. साबण लागला तर निळा रंग उडतो, आणि खडू मिसळलेला कागद चालत नाही. म्हणून खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद घ्यायचा तरी आधी एक तुकडा रंगवून पाहावा.

आश्रमशाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. विज्ञानाच्या तासाला एक दिवस, हातमोजे घालून आणि रसायनं स्वतःच्या ताब्यात ठेवून, हे करून पाहा: आधी पानं, मग गावातली माणसं, मग डोंगर. आणि ज्यांच्या पेटीत आलापल्ली, एटापल्ली, भामरागडकडचे जुने ब्रोमाइड फोटो असतील त्यांनी ते लॅमिनेट करू नयेत. पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावं, आणि फोटोतल्या माणसाच्या घरी त्याची एक प्रत पोचती करावी.