बोरीची राख, कापसातली अळी आणि एक न झालेले दालन

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एक जाहीर वादसभा झाली. जागा होती ‘क्रिएशन म्युझियम’. पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे आणि माणूस व डायनोसॉर एकाच काळात वावरत होते, असे सांगणारे हे संग्रहालय २००७ साली उघडले. त्याचे संस्थापक केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांना श्रोत्यांतून विचारले गेले, तुमचे मत कशाने बदलेल? नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की बायबल हे देवाचे वचन आहे, या माझ्या श्रद्धेपासून मला कोणीही हलवू शकणार नाही.

या संग्रहालयावर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला. शास्त्रज्ञांनी निदर्शने केली, अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनीही नापसंती दाखवली आणि तरीही पहिल्या वर्षीच चार लाखांवर लोक ते पाहून गेले. देवाने माणूस आजच्याच रूपात घडवला, असे मानणारे गॅलपच्या पाहणीत १९८२ साली ४४ टक्के होते, २०२४ साली ३७ टक्के. खासगी पैशाने कोणी असे संग्रहालय काढले तर ते बंद पाडावे, असे मला वाटत नाही. पण शाळेची सहल विज्ञान शिकायला म्हणून तिथे जाऊ नये.

आपल्या पुण्यात असे संग्रहालय नाही. म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजण्यात मात्र धोका आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत सांगितले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निषेध केला. खात्याचे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचे पत्रक काढले.

‘कोणी पाहिले?’ या सत्यपाल सिंहांच्या प्रश्नाचे उत्तर औरंगाबादच्या आसपासच्या शेतांतच होते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला बीटी कापूस पोखरून टाकला. बीटीच्या विषाला बहुतेक अळ्या बळी पडत. ज्या थोड्या जन्मजात सोसू शकत, त्या जगल्या आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. कडेला साध्या कापसाच्या ओळी लावायच्या असत, त्या एवढ्यासाठीच. तिथे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकतात आणि दोन्हींचा संकर होत राहतो, म्हणून सोसणाऱ्यांचीच पिल्लावळ वाढत नाही. बहुतेक शिवारांत त्या ओळी लागल्याच नाहीत. नैसर्गिक निवड शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिली आणि तिची किंमतही त्यानेच मोजली. उत्क्रांती शिकवायची की नाही, हा म्हणूनच केवळ तत्त्वचर्चेचा विषय राहत नाही.

आपल्याकडे उत्क्रांतीला थेट विरोध कमी आणि ‘हे तर आमच्या दशावतारात आहेच’ हे समाधान जास्त. २०१९ साली जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनीही दशावतार डार्विनपेक्षा सरस ठरवला. मला हे समाधान विरोधापेक्षा अधिक घातक वाटते, कारण त्यामुळे प्रश्नच संपतो. दशावतार ही धर्मरक्षणाची कथा आहे. तिथे प्रत्येक अवताराला हेतू असतो. उत्क्रांतीला हेतू नाही, गाठायचे ठिकाण नाही. बोंडअळी ही माणसाच्या वाटेवरची खालची पायरी नव्हे. कथेची थोरवी प्रयोगशाळेच्या शिक्क्यावर अवलंबून नाही, तेव्हा तिच्यावर हे ओझे लादू नये.

पुण्याकडे दाखवण्यासारखे काय आहे? जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे. तिथे नदीने साठवलेल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीला आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी. राखेचे वय कळले तर हत्यारांच्या वयाचा अंदाज येणार. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इतरांबरोबर हा थर अभ्यासला. आधी वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे. मग दुसऱ्या पद्धतीने सुमारे ६ लाख ७० हजार. काहींनी राखेच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. राख मूळ जागीच आहे, की पाण्याने वाहून मिसळली, यावरही भांडण झाले. ७५ हजार आणि १४ लाख यांत केवढे अंतर! पण प्रत्येक पक्ष राखेतले कण दाखवून बोलत होता. समोरच्यालाही तेच कण तपासता येत होते.

केंटकीला द्यायचे माझे उत्तर हे आहे: पुण्यात एक दालन हवे, बोरीच्या राखेचे. एका भिंतीवर तिन्ही वये, प्रत्येकाखाली त्याचा पुरावा आणि त्याच्यावरचे आक्षेप. शेजारी बोंडअळीची गोष्ट, मराठीत, शेतकऱ्याच्या शब्दांत. बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, आणि बालभारतीचे कार्यालय सेनापती बापट रस्त्यावर आहे. डेक्कन कॉलेज येरवड्याला. अभ्यासक, पुस्तक आणि हत्यारे एकाच शहराच्या कवेत आहेत. महापालिकेने जागा द्यावी, विद्यापीठाने मार्गदर्शक द्यावेत. दशावतारावर श्रद्धा असलेल्या आजी-आजोबांनी नातवंडांना तिथे घेऊन यावे, तीन वयांपैकी खरे कोणते असे विचारावे, आणि मार्गदर्शकाने त्यांच्यापुढे तिन्ही बाजूंचे पुरावे मांडावेत.